अकोला ते जळगाव, पंचावन्न मिनिटं

अकोल्याच्या शिवणी विमानतळापासून जळगावच्या विमानतळापर्यंत हवेतलं अंतर एकशे बावन्न किलोमीटर आहे. वैमानिकाच्या भाषेत ब्याऐंशी नॉटिकल मैल. आजकाल मोबाईलला विचारलं की तो हेच सांगतो आणि खाली वेळही देतो. खामगावच्या चहाच्या टपरीवर आमचे दोस्त मला मुद्दाम विचारतात, "सुभेदार, हेलिकॉप्टरनं किती वेळ लागते म्हणा?" मी सांगतो, "कागदावर बावन्न मिनिटं, वारा धरून पंचावन्न, आणि माह्यासारखा शहाणा संगं असला तर एकसष्ट." ते हसतात. त्यांनी गोष्ट दहादा ऐकली आहे. तुम्ही ऐकली नाही म्हणून लिहितो.

जळगाव म्हणजे खानदेशातलं, हे आधी सांगून ठेवतो. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं जळगाव जामोद नव्हे. तिथं एस.टी. उतरते.

मी लष्कराच्या एका हेलिकॉप्टर तुकडीत टेक्निशियन होतो. मला हेलिकॉप्टर उडवता येत नाही, पण माझ्या सहीशिवाय ते उडत नसे. या गोष्टीचा मला थोडा जास्तच अभिमान होता, हे आता कबूल करतो. गोष्ट घडली तेव्हा मी हवालदार होतो. आडनाव तायडे. गाव खामगाव तालुक्यातलं, जलंबहून खामगावला जी छोटी रेल्वेलाईन जाते तिच्या अगदी काठाला.

फेब्रुवारी महिना होता. नागपूरकडचं काम संपवून आमचं एक चेतक हेलिकॉप्टर नाशिकला परत चाललं होतं. आत आम्ही तिघं. पायलट मेजर नेगी, गढवालचे, दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलणारे. को-पायलट कॅप्टन जोसेफ, केरळचे, तुकडीत येऊन चार महिने झालेले. आणि मी. १५:३५ ला अकोल्यात इंधनासाठी उतरलो. जीपीएसचा सेट सकाळपासून बंद होता. मी तक्रार लिहून ठेवली होती, नाशिकला बदलायचा होता. नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ यांवर आमचं काम चालतं, त्यामुळे कुणाला त्याची फिकीर नव्हती.

फिकीर होती ती धुराची. फेब्रुवारीत आपल्याकडं कापूस संपतो, लोक त्याच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या, उपटून ढीग लावतात आणि पेटवून देतात. सगळं वऱ्हाड धुरकटतं. त्यात आम्हाला जायचं पश्चिमेला, संध्याकाळी, म्हणजे सूर्याच्या तोंडात. कॅप्टन जोसेफ नकाशा मांडीवर घेऊन म्हणाले, "विझिबिलिटी बहुत कम है." मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "सर, यह मेरा इलाका है. नीचे रेलवे लाईन है, सीधी भुसावळ जाती है. आँख बंद करके ले चलूँगा."

मेजर नेगी सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "आँख खुली रखना," एवढंच म्हणाले.

१५:५० ला त्यांचा फोन वाजला. बोलणं दोन मिनिटं चाललं. फोन ठेवून त्यांनी आम्हाला सांगितलं ते असं. सिपाही सुनील सानप, वय तेवीस, राहणार लोणार तालुका, सुट्टी संपवून युनिटात परत जाण्यासाठी भुसावळला गाडी पकडायला निघाला होता. रस्त्यात त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला. आता तो जळगावच्या एका दवाखान्यात आहे. रक्त फार गेलं आहे, ऑपरेशन करायचं आहे, आणि त्याचा रक्तगट बॉम्बे ग्रुप. दुसरं कुठलंच रक्त त्याला चालत नाही. त्या गटाचा एक रक्तदाता यादीत सापडला, वरवट बकालचा. त्याच्या घरी फोन केला तर बायको म्हणाली, ते आज अकोल्यात भाचीच्या लग्नाला गेले आहेत. रस्त्यानं आणायचं तर चार तास. इथं रक्त काढून, तपासून पिशवी पाठवायची तरी वेळ जाणार. डॉक्टरांचं म्हणणं, माणूसच सहापर्यंत माझ्यासमोर आणा.

"हम जलगाँव के ऊपर से ही जा रहे हैं," नेगी सर म्हणाले. "परमिशन मिल गई. पैसेंजर आ रहा है."

पॅसेंजर १६:३१ ला पोलिसांच्या जीपमधून उतरला. पन्नाशीचा गडी, पांढरं धोतर, कोसा रंगाचा शर्ट, डोक्यावर गुलाबी फेटा, कपाळाला कुंकू-अक्षता आणि हातात लाडवांचा डबा. पंगतीतून उठवून आणलेला. नाव प्रल्हाद इंगळे, वरवट बकालला सात एकर, कांदा आणि कापूस.

"रामराम," ते म्हणाले. "जळगावले जायचं हाय म्हने. मंग यष्टीनं काऊन नाही? आमच्या वरवटवरून तर जामोद हाकेवर हाय."

"भाऊ, हे खानदेशातलं जळगाव."

"असं व्हय. मंग उडवा."

मी त्यांना फेटा काढायला सांगितला. हेलिकॉप्टरजवळ सुटं कापड चालत नाही, हा पहिला नियम. ते अडून बसले. "मानाचा फेटा हाय, हवालदार. मामा हाओ मी नवरीचा."

"पंख्यात गेला तर सगळ्यायचंच लगन लागन."

त्यांनी फेटा काढला, घडी करून मांडीखाली घेतला आणि वर बसले. मी पट्टा आवळला, कानाला हेडसेट लावला, बोलायचं बटण दाखवलं आणि बजावलं, "हे दाबायचं नाही. बोलायचं नाही. साहेब लोक कामात असतात. लई झालं तर हात वर करा." हा हुकूम मी फार रुबाबात दिला होता. पुढं तो मलाच भोवला.

कॅप्टन जोसेफनी हिशेब केला. ब्याऐंशी नॉटिकल मैल, पंचाण्णव नॉट्स, समोरून थोडा वारा. पंचावन्न मिनिटं. १६:४२ ला आम्ही जमीन सोडली. पोचायची वेळ १७:३७. विमानतळावर अँब्युलन्स उभी, तिथून दवाखाना पंधरा-वीस मिनिटं. सहाच्या आत बसत होतं, पण जेमतेम. सुनील सानपकडं खर्चायला जास्तीचा वेळ नव्हता, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

पहिली वीस मिनिटं छान गेली. खाली दुहेरी रेल्वेमार्ग, वर विजेच्या तारा, एक मालगाडी आमच्याबरोबर थोडी धावली आणि मागं राहिली. मी पायलटच्या मागं मधोमध बसून स्टेशनांची नावं सांगत होतो. पारस. शेगाव. शेगाव आलं तसे प्रल्हादभाऊंनी हात जोडले. पहिल्यांदा हवेत जाणारा माणूस घाबरतो. हे गृहस्थ खिडकीला नाक लावून कुणाच्या वावरात काय पेरलं आहे ते पाहत होते. एका ठिकाणी त्यांनी मला कोपरानं ढोसून खाली दाखवलं आणि तोंडानंच खूण केली की हरभरा मस्त आहे. मीही मान हलवली.

१७:०१. जलंब.

आता इथं काय झालं ते नीट सांगतो, कारण ही चूक फक्त आमच्याकडचाच माणूस करू शकतो. जलंबला मुख्य लाईन सरळ नांदुऱ्याकडं जाते आणि खामगावची छोटी लाईन दक्षिणेला फुटते. जलंबच्या पुढं धुराचा मोठा पट्टा आडवा पसरला होता आणि मुख्य लाईन त्यात दिसेनाशी झाली. डावीकडं मात्र रूळ लख्ख चमकत होते. आणि मी काय केलं? वीस वर्षं सुट्टीवर घरी येताना जे केलं तेच. जलंब आलं की मोठी लाईन सोडायची आणि खामगावच्या गाडीत बसायचं, हे माझ्या अंगात मुरलेलं. बॅग उचलायची, खाली उतरायचं, घर जवळ आलं.

नेगी सरांनी विचारलं, "तायडे, लाईन किधर?"

माझं बोट आपोआप डावीकडं गेलं. "लेफ्ट, सर."

हेलिकॉप्टर वळलं. थोड्या वेळानं कॅप्टन जोसेफ म्हणाले, "सर, हेडिंग वन नाइन झिरो. हमें टू एट झिरो चाहिए." म्हणजे तोंड दक्षिणेला होतं, हवं होतं पश्चिमेला.

"कर्व्ह है, सर," मी म्हणालो. "आगे सीधी होती है. मेरा इलाका है."

बघा, किती आत्मविश्वास. नेगी सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. लष्करात ज्या माणसाचा इलाखा त्याचं ऐकतात.

तेवढ्यात प्रल्हादभाऊंनी हात वर केला. मला वाटलं, मळमळत असेल. मी त्यांना पिशवी दिली. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि पुन्हा हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा, ताठ. मी तो हात धरून खाली केला आणि डोळे वटारले. १७:०४ ला त्यांनी माझ्याकडं न बघता सरळ बटण दाबलं.

"साहेब, मले जेलात टाका, पन आयका. आतापावतर सूर्य माह्या डाव्या गालावर व्हता. आता उजव्या गालावर आला. जळगाव मावळतीले होय ना? मंग आपन कुठी जाऊन राह्यलो? हे तर खामगावची लाईन होय. दरसाल कापूस घेऊन येतो मी इकडे."

मी खाली पाहिलं. दोन मार्ग नव्हते, एकच होता. आणि त्या एकाच्या कडेला एक शाळा, शाळेमागं पाण्याची टाकी, टाकीशेजारी मैदान. त्या मैदानावर मी भरतीसाठी दोन वर्षं धावलो होतो. आँख बंद करून नेतो म्हणालो होतो आणि साहेबांना थेट माझ्या गावावर आणून उभं केलं होतं. तीन मिनिटं सरळ चुकीच्या दिशेला, आणि तशीच आणखी थोडी गेली असती तर पुढं धुरात बुलडाण्याचे डोंगर होते.

अशा वेळी लपवालपवी करायची नसते, हे एक शिक्षण लष्करानं माझ्यात चांगलं ठोकून बसवलं आहे.

"सर, गलत लाईन. मेरी गलती. राइट टर्न. नांदुरा पकडना है."

"कितना?"

कॅप्टन जोसेफनी नकाशावर पट्टी ठेवली. "थ्री झिरो फाइव्ह, सर."

"रॉजर," नेगी सर म्हणाले आणि हेलिकॉप्टर उजवीकडं कललं. एक शब्द जास्त नाही. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

धुरातून ती लाईन पुन्हा सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवीस वर्षांचं पोरगं तिकडं टेबलावर, आणि इकडं मी बढाई मारण्यात त्याची मिनिटं उडवली. हे डोक्यातून जात नव्हतं. पाच-सहा मिनिटांनी खाली दोन मार्ग दिसले. मी ते मोजले. पुन्हा मोजले. मग तोंड उघडलं. "मेन लाईन, सर. डबल." प्रल्हादभाऊंनी स्वतःचा डावा गाल चापटून मला खूण केली, सूर्य जागेवर आला म्हणून.

मलकापूरच्या पुढं कॅप्टन जोसेफनी जळगावला संपर्क केला. "हेलिकॉप्टर विथ ब्लड डोनर ऑन बोर्ड. रिक्वेस्ट डायरेक्ट अप्रोच. ईटीए सतरा त्रेचाळीस." पलीकडून लगेच उत्तर आलं, "क्लिअर. अँब्युलन्स इज ॲट द एप्रन." नेगी सरांनी पुढच्या सगळ्या वाटेत वेगाचा काटा हलू दिला नाही. भुसावळ गेलं, तापीचं पाणी चमकलं, आणि १७:४३ ला आम्ही जळगावला उतरलो. सहा मिनिटं उशीर.

मी प्रल्हादभाऊंना कमरेत वाकवून पंख्याखालून बाहेर काढलं. अँब्युलन्सच्या दाराशी जाऊन ते थांबले, वळले आणि ओरडले, "लाडू सीटवर हायेत. खाऊन घेजा." दार लागलं. गाडी गेली.

पंखा थांबल्यावर नेगी सर खाली उतरले, हातमोजे काढले आणि म्हणाले, "तायडे, अगली बार घर ले जाओ तो चाय भी पिलाना." मग डब्यातला एक लाडू उचलून ते फॉर्म भरायला बसले. उशिराच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: दिशा चुकली, सहा मिनिटं, जबाबदार वैमानिक. मी म्हणालो, "सर, चूक माझी." ते म्हणाले, "मशीन मैं उड़ा रहा था." मला त्या दिवशी जेवढी लाज वाटली तेवढी त्याआधी आणि त्यानंतर कधी वाटली नाही. माझ्या वाटणीचा लाडू मला गिळवेना.

प्रल्हादभाऊ १८:०२ ला डॉक्टरांसमोर उभे राहिले. आम्ही मुक्कामाला जळगावलाच थांबलो. सव्वाआठला दवाखान्यातून फोन आला. ऑपरेशन सुरू आहे, रक्त चढलं आहे, पोरगं टिकेल असं डॉक्टर म्हणतात. कॅप्टन जोसेफनी मला मिठी मारली. मग मी तो लाडू खाल्ला. डालडा जरा जास्त होता, पण चांगला होता.

पुढं चार महिन्यांनी मी सुट्टीवर आलो तेव्हा वरवट बकालला गेलो, प्रल्हादभाऊंची माफी मागायला. हात खाली ओढला होता ना त्यांचा. ते कांदाचाळीत होते आणि त्यांच्याबरोबर एक काडीसारखा पोरगा कांदे निवडत होता. एक पाय जरासा ओढत होता. मी विचारलं, "हा कोण?"

"हा काय, तुमचा पेशंट," प्रल्हादभाऊ म्हणाले. "आठ दिस झाले, इथंच मुक्काम ठोकला. घरी जाय म्हनलं तर जात नाही बे हा."

सुनील उठून सावधानमध्ये उभा राहिला. मी त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. एकसष्ट मिनिटं लागली, त्यातली सहा माझ्या मूर्खपणाची. तो ऐकत राहिला, आणि मग इतका हसला की हातातला कांदा पडला. "तायडे साहेब, माझ्यासाठी निघाले आन् आधी सोताच्या गावाला जाऊन आले व्हय? जाऊ द्या. मी मेलो नाही ना, मंग फिटलं." प्रल्हादभाऊ म्हणाले, "आता माहं रगत हाय तुह्यात, म्हंजे माह्यावानीच घोरशीन. बायको आली की सांगन, मानूस घोरून राह्यला म्हणून." सुनील म्हणाला, "काका, दवाखान्याच्या वॉर्डात त्यावरून आधीच वरडाओरडा झालाय." त्या दिवशी आम्ही चुलीवरचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ली. मी पाच भाकरी खाल्ल्याचं प्रल्हादभाऊ अजून लोकांना सांगतात. तीनच होत्या.

सुनीलचा पाय बरा झाला, मेडिकल बोर्डानं त्याला पास केलं आणि तो युनिटात परत गेला. दर सुट्टीत आधी लोणारला आईवडिलांकडं, मग चार दिवस वरवट बकालला. एका सुट्टीत प्रल्हादभाऊंचं ठिबक त्यानं एकट्यानं बसवलं. दुसऱ्या सुट्टीत त्यांच्याशी कांद्याच्या बियाण्यावरून भांडला आणि त्याचंच खरं निघालं. त्याच्यासाठी मुलगी पाहायला प्रल्हादभाऊ दोन ठिकाणी गेले होते. दोन्ही ठिकाणी पोरीच्या बापालाच त्यांनी इतके प्रश्न विचारले की जुळलं नाही.

अपघातानंतर तिसऱ्या वर्षी, सीमेवरच्या एका चौकीवर पहाटे गोळीबार झाला. जखमी साथीदाराला आत ओढून आणताना सिपाही सुनील सानप याला गोळी लागली. तो तिथंच गेला. वय सव्वीस.

मला बातमी कळली तेव्हा मी निवृत्तीच्या सुट्टीवर गावीच होतो. सुनीलच्या गावी अंत्यसंस्काराच्या मानवंदनेला मी गणवेशात हजर होतो. प्रल्हादभाऊ पहाटेपासून तीन एस.टी. बदलून आले होते. तिरंगा घडी करून वडिलांच्या हातात दिला तेव्हा ते गर्दीत मागं उभे होते, हात जोडून. मला फार रडू आलं. गणवेशात रडू नये म्हणतात, पण मी रडलो.

दहाव्याला मी पुन्हा गेलो. नदीकाठी घरातले आणि भावकीतले पुरुष मुंडनासाठी ओळीनं बसले होते. सुनीलचे वडील, दोन चुलते, चार चुलतभाऊ. ओळीच्या शेवटी प्रल्हादभाऊ येऊन बसले. भावकीतला एक म्हातारा त्यांच्याजवळ गेला आणि मऊ आवाजातच म्हणाला, "पाव्हणं, तुम्ही नका बसू. सुतक आमाला हाय, तुमाला नाही लागत."

प्रल्हादभाऊ उठले नाहीत. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

सुनीलच्या वडिलांचं अर्धं डोकं झालं होतं. त्यांनी न्हाव्याचा हात बाजूला केला आणि म्हणाले, "बसू द्या त्यांना. शेवटची तीन वर्षं पोरगं त्यांचंच होतं. आधी त्यांचं करा."